ब्रेक दाबला की खट्ट

"ब्रेक दाबला की खालून खट्ट करतंय, उस्ता. तू पॅड बदललेस ना, तेव्हापासून," टॅक्सीवाला रिफात म्हणाला.

शुक्री हात पुसत टॅक्सीपाशी आला. अलेक्झांड्रियाच्या त्या गल्लीत 'उस्ता', म्हणजे उस्ताद मेकॅनिक म्हणून त्याचं नाव होतं ते कानामुळे. गाडी दारात उभी राहायच्या आधीच हा तिचं दुखणं सांगायचा. आणि आता वर्षभर कानच साथ देत नव्हते. माणसांच्या ओठांवरून तो निभावून नेई. इंजिनाला ओठ कुठले? कुणाला कळलं असतं तर गॅरेजला टाळंच लागलं असतं. मुलीपाशीसुद्धा त्याने ब्र काढला नव्हता.

त्याने टॅक्सी जॅकवर घेतली. बोल्ट ताणून पाहिले, पॅड चाचपले, चाक धरून गदागदा हलवलं. सगळं जिथल्या तिथे होतं.

"उभ्या गाडीत कसला आवाज येणार?" रिफात चहाचा ग्लास खाली ठेवत म्हणाला. "चल, एक चक्कर मारू."

गाडी चालवताना रिफात बोलायचा तो सारखं त्याच्याकडे तोंड वळवून.

"अरे, रस्त्याकडे बघ की," शुक्री करवादला. "माझं थोबाड तीस वर्षं बघतोयस, अजून पोट भरलं नाही?"

रिफातने हसत ब्रेक दाबला. "ऐकलंस?"

शुक्रीने वाकून पायाखालच्या पत्र्याला तळवा लावला. काहीच जाणवलं नाही. काम त्याच्याच हातचं, आणि या टॅक्सीत रोज माणसं बसणार. ऐकू आलं नाही म्हणावं तर अब्रू जाणार, आलं म्हणावं तर उद्या कुणाचा तरी जीव.

"ऐकलं की," तो म्हणाला. "डावीकडचा पॅड सैल आहे. मागे पातळ पत्रा सरकवला की झालं."

"नक्की?"

"माझ्या कानावर शंका घेतोस?"

गॅरेजकडे वळायच्या ऐवजी रिफातने टॅक्सी सरळ नेली आणि एका दवाखान्यासमोर उभी केली. पायरीवर शुक्रीची मुलगी नगवा थांबली होती. तिच्या मागे दारावरच्या पाटीवर एक भलामोठा कान रंगवलेला होता.

रिफातने शुक्रीच्या खांद्यावर हात ठेवला आणि एकेक शब्द सावकाश उच्चारला.

"उस्ता, आवाज नव्हताच. उतर, तुझा नंबर लागलाय."