सहा हजार दोनशेची रेघ

नव्या अभ्यासक्रमाच्या पंधराव्या आठवड्यावर सरांनी तिसऱ्यांदा काट मारली. बाकीचे चौदा नीट बसले होते: आवाजाचे आकडे कसे करायचे, त्यातून नको तो आवाज गाळणारी चिप कशी जोडायची. मुलांना घेऊन प्रयोगशाळेत त्याची चाचणी उद्यावर आली होती आणि सरांचं चित्त काही थाऱ्यावर नव्हतं.

कारण ती शिट्टी. प्रयोगशाळेत बारीक शिट्टी वाजते, असं सर सहा महिने सांगत होते. शिपायापासून विभागप्रमुखांपर्यंत कुणालाच ती ऐकू येत नव्हती. आताशा ती घरीही ऐकू येई. दिवसभर ऐकून कानात बसलीय, म्हणे.

बायकोचं दारावरच्या बेल दुरुस्त करायचं दुकान होतं. कानाच्या डॉक्टरांना दाखवा, असं सांगून सांगून तिने हात टेकले. सर भडकत. यंत्राचं दुखणं नुसत्या कानाने ओळखणारा माणूस, त्याचाच कान गेला म्हणायचं? मग शिकवायचं कशाच्या जोरावर? त्यांचा डोळ्याला डोळा लागत नव्हता, हे फक्त तिलाच ठाऊक.

शेवटी पंधराव्या आठवड्यात सरांनी शिट्टीच घातली. वीस बोर्ड, प्रत्येकाला एक माइक आणि एक छोटा पडदा. शिट्टी खरी असेल तर पडद्यावर तिची रेघ उठेल.

त्या आठवड्याचा कागद वाचून बायकोने सहज विचारलं, "किती हर्ट्झवर येते हो?"

"सहा हजार दोनशे."

"आणि नाही दिसली तर?"

"तर शिकवणं सोडतो."

सकाळी ती दुकानात गेल्यावर सरांनी कागदावर आणखी एक ओळ खरडली.

चाचणी बघायला ती आली आणि पर्स मांडीवर घेऊन मागच्या बाकावर बसली. बोर्ड चालू झाले. वीसच्या वीस पडद्यांवर सहा हजार दोनशेला रेघ उठली. मुलं म्हणाली, अरे हो की, ऐकूही येतेय. सरांचे डोळे भरून आले. त्यांनी मागे पाहिलं. बायको हसत होती.

"आता शेवटची पायरी," सर म्हणाले. "आवाज कुठून येतोय ते शोधा."

बायकोचं हसू मावळलं.

मुलं बोर्ड घेऊन पंखे, दिवे, कपाटं धुंडाळू लागली. एका मुलीची रेघ मागच्या बाकाकडे वाढत गेली आणि पर्सपाशी सगळ्यात उंच झाली. सरांनी पर्स उघडली. आत बेलचा छोटा भोंगा होता, चिकटपट्टीने बॅटरीला बांधलेला.

सरांनी त्याची तार सोडवली.

"थांबली, सर," मुलगी म्हणाली.

सरांच्या कानात ती वाजतच होती.