झोपेची नोंद

अकोल्याच्या एका दवाखान्यातला, मेंदूचा आलेख नोंदवणारा संगणक काल संध्याकाळी रीतसर बंद केला होता. आज सकाळी तो सुरू होईना. मधल्या वेळात त्याला कुणीही हात लावलेला नव्हता.

खाटेवर आचल बसली होती. डोक्याला तारा चिकटवलेल्या, डोळे लाल. झोप लागतानाचा आलेख हवा होता, म्हणून तिला रात्रभर जागे ठेवून धामणगाव रेल्वेहून पहाटेच्या गाडीने आणले होते. तीन वर्षांत तिला झटका आला नव्हता. आलेख निर्दोष निघाला तर गोळ्या हळूहळू बंद करता येणार होत्या. आणि त्या गोळ्या चालू असेपर्यंत मूल होऊ देऊ नका, असे डॉक्टरांनी स्पष्ट बजावले होते. पण जागरणानेही झटका येऊ शकतो. ती आता झोपली तर नोंद हुकणार होती, जागी राहिली तर धोका वाढणार होता, आणि नोंद हुकली तर अशीच एक रात्र पुन्हा काढावी लागणार होती.

"आचल! डोये उघड," तिची सासू पार्बताबाई म्हणाली. "तुह्या लग्नात आमच्या वऱ्हाडाले भाजी पुरली नोती. ध्यानात हाये ना?"

आचलने मान वर केली. "पुरली होती. तुमच्या भावानं तीनदा घेतली."

"हां, अशी बोल. राग आला का झोप पयते."

संगणकापुढे दुरुस्तीवाला रऊफ होता. यंत्राला कुणी हात लावला का, हे त्याने आल्याबरोबर सगळ्यांना विचारले होते. सगळ्यांनी नाही म्हटले होते. निळा पडदा येई, पांढऱ्या अक्षरांची एक ओळ उमटे, आणि यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होई.

"विंडोजले डिस्क दिसून नाई राहिली, ताई," तो आलेख काढणाऱ्या दीपमालेला म्हणाला. "दोघांच्या मंधात कंट्रोलर असते. त्याले चालवनारं सॉफ्टवेअर, मंजे ड्रायव्हर, याच्यात नाई."

"मग टाका ना."

"टाकूनच राहिलो."

रऊफने विंडोज बसवायची सीडी घातली होती. यंत्र इतके जुने होते की ड्रायव्हर फ्लॉपीवरूनच घेई. पहिला ड्रायव्हर यंत्राने नाकारला. दुसरा त्याच कंपनीचा, पण नंतरच्या चिपचा होता; तोही नाकारला. तिसरा चालला. डिस्क दिसली आणि पडद्यावर विचारणा आली: जुन्या विंडोजवर नवी बसवायची का? रऊफने बोट कळीवर ठेवले.

"थांबा," दीपमाला म्हणाली. "आमचं आलेखाचं सॉफ्टवेअर राहील ना? ते बनवणारी कंपनी बंद झाली. सीडी नाही माझ्याजवळ."

"राहीनच असं सांगता येत नाई."

मागे आचलचा हात एकदम उडाला. पार्बताबाईने तो दोन्ही हातांनी धरला.

दीपमालेने वाकून आचलचे डोळे पाहिले. "झटका नाही. झोप लागताना असा उडते हात. पण आता फार वेळ नाही, रऊफभाऊ."

"वो पोरी," पार्बताबाईचा आवाज चिरकला, "तुह्या मायले स्वयंपाक येतच नाई!"

या वेळी आचलची मान वर आली नाही.

रऊफचे बोट कळीवरच होते. मग त्याने ते उचलले.

"ताई, काल हे चाललं. काल हा ड्रायव्हर होता का याच्यात?"

"मी इथं आल्यापासून तर कुणी टाकला नाही."

"म्हनजे काल नोता, तरी चाललं. मंग आजच काहून लागते?"

त्याने नवी विंडोज बसवणे तिथेच सोडले. यंत्र बंद केले, पुन्हा चालू केले आणि विंडोज यायच्या आधीच्या सेटिंगमध्ये शिरला. तिथे तारीख एक जानेवारी होती, वर्ष यंत्र बनले तेव्हाचे. कंट्रोलरने डिस्कशी बोलायच्या दोन पद्धती होत्या. जुनी विंडोज एकच जाणत होती, जुनी. निवडलेली होती ती नवी, कारखान्यातून येते तशी.

रऊफने जुनी निवडली. निळा पडदा आला नाही.

"झोपू द्या," दीपमाला म्हणाली. तिचे वाक्य पुरे होण्याआधीच आचल आडवी झाली होती. पडद्यावर रेषा धावू लागल्या. आधी दाट, मग संथ.

"दोष दिसते काय वो?" पार्बताबाईने कुजबुजत विचारले.

"ते डॉक्टर वाचतील. आता हळू बोला."

रऊफ गुडघ्यांवर बसून भिंतीकडे पाहत होता. त्याने आपला सकाळचा प्रश्न बदलून पार्बताबाईला विचारला.

"मावशी, या बोर्डातली पिन कोनं काढली होती?"

"म्या काढली. मंग परत लावून देली."

"सकाळी इचारलं तवा तर नाई म्हनल्या."

"तुमी यंत्राले हात लावला का म्हून इचारलं. एवढ्या मोठ्या यंत्राले म्या कायले हात लावू?"

रऊफने मान हलवली. तिचे उत्तर बरोबर होते; प्रश्न चुकला होता.

कारण असे होते. संगणकातला बटनासारखा छोटा सेल केव्हाच संपला होता. यंत्राची पिन बोर्डात असेपर्यंत बंद यंत्रालाही थोडी वीज मिळून सेटिंग टिकून राहत, म्हणून ते कुणाच्या लक्षात आले नाही. आज पहाटे चौकीदाराने या दोघींना याच खोलीत बसवले. रात्रभर गाणी लावून पार्बताबाईचा मोबाईल बंद पडला होता, आणि सून पेंगू लागली होती. खोलीत पिन लावायची जागा एकच होती.