दहा टक्क्यांत आलेले प्रूट

सातवी फाइल खुद्द डॉक्टर प्रूट यांचीच निघाली.

राज्याचा नियम असा, की नर्स प्रॅक्टिशनरने पेशंट तपासावा, निदान करावं, औषध लिहून द्यावं. मात्र दर चौदा दिवसांनी तिच्या दहा टक्के फायली एका डॉक्टरने वाचून त्यांवर सही करावी; सही नसेल तर दवाखाना बंद. कोणत्या दहा टक्के, ते कॉम्प्युटर चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतो. डॉक्टरने स्वतःची फाइल तपासू नये असं नियमात कुठेच नव्हतं. लिहिणाऱ्याला ते सुचलंच नसावं.

नर्स प्रॅक्टिशनर ट्वायला हेंडरशॉटच्या दवाखान्याचे डॉक्टर म्हणजे व्हर्जिल प्रूट, वय एक्याऐंशी. एकाआड एक गुरुवारी सकाळी दहाला येऊन ते टेबलाशी बसत. गेल्या सोमवारी मात्र ते पेशंट म्हणून आले होते. त्या सकाळी गाडी घेऊन निघाले आणि धान्याच्या कोठारापाशी तासभर थांबून राहिले; कुठे निघालो होतो, तेच आठवेना. ट्वायलाने कागदावर घड्याळ काढायला सांगितलं, तर बाराही आकडे उजव्या अंगाला गोळा झाले, जणू डावीकडे ऊन लागत होतं. तिने फाइलीत लिहिलं: विस्मरण, गाडी चालवू नये. 'काम' या रकान्यात, म्हणजे पेशंटने काम करावं की नाही तिथे, काहीच लिहिलं नाही. तिथे खरं ते लिहिलं असतं, तर त्याच दिवशी दवाखान्याला कुलूप लागलं असतं. चौदाशे पेशंट, पुढचा डॉक्टर बावन्न मैलांवर. प्रूट यांच्या जागी याल का, म्हणून तिने अकरा डॉक्टरांना पत्रं टाकली होती. एकाने दिवाळखोर विमा कंपनीसारखं गोड उत्तर दिलं होतं, बाकीच्यांनी तेवढंही नाही.

काउंटरवरची नादीन कानाशी लागून म्हणाली, की ती फाइल उचल, दुसरं नाव काढू, कोणाच्या बापाला कळतंय. ट्वायलाने हात पुढे केलाही. पण प्रूट यांनी फाइल उघडली होती.

"प्रूट," ते वाचत म्हणाले. "आमच्यातलाच दिसतो कुणीतरी."

"डॉक्टर, ते तुम्हीच आहात."

"दिसतंय मला. जन्मतारीख वाचता येते अजून." त्यांनी चष्मा वर सरकवला. "पण आत्ता मी डॉक्टर आहे. पेशंटशी मग बोलू."

आणि त्यांनी ती फाइल पहिल्या सहा फायलींसारखीच वाचली, ओळीवर बोट ठेवून. थायरॉइड पाहिलं का, विचारलं. पाहिलं होतं. बी-बारा? तेही पाहिलं होतं. घड्याळाच्या चित्रापाशी ते जरा थांबले आणि कुणी काढलंय हे, पोरासोरानं काढल्यासारखं, असं पुटपुटले. मग बोट औषधांच्या यादीवर थबकलं.

"हा म्हातारा झोपेसाठी काय घेतो?"

ट्वायलाने वाकून यादी पाहिली.

"विचारलं नाहीस."

"नाही विचारलं."

"मग विचार की. समोर बसलाय."

ट्वायलाने विचारलं. प्रूट यांनी आठवायला वेळ घेतला. किराणा दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारी निळी गोळी, म्हणाले. दोन. झोप नाही आली तर आणखी एक. कधी आधीच्या दोन घेतल्या की नाही, ते आठवत नाही, म्हणून पुन्हा दोन. हे सांगून झाल्यावर ते परत डॉक्टर झाले आणि ट्वायलाला झापलं. या वयात ती गोळी म्हणजे डोक्यात पोतंभर कापूस. अर्धं विस्मरण तिचंच असेल. कदाचित पाव. कदाचित नसेलही.

त्यांनी लिहिलं: गोळी बंद. चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी. मग रिकाम्या रकान्यावर पेन आपटलं.

"हा काम काय करतो?"

नादीन म्हणाली, "सह्या."

प्रूट यांनी मान हलवली आणि रकान्यात ठसठशीत अक्षरात लिहिलं: तोवर वैद्यकीय काम पूर्ण बंद.

नादीनने हिशेब मांडला. नियम चौदा दिवसांचा, हे अठ्ठावीस. चाराच्या जागी दोन लिहा डॉक्टर, म्हणजे पुढच्या सह्यांच्या वेळी तुम्ही कामाला मोकळे.

"दोन आठवड्यांत त्या गोळीचा अंमल उतरला की नाही ते कळत नाही," प्रूट म्हणाले. "आणि तू काउंटर सांभाळ, बाई."

त्यांनी सही केली. पेनाला टोपण लावलं. आठवी फाइल ट्वायलाने सवयीने पुढे सरकवली, तशी त्यांनी ती दोन बोटांनी परत सारली.

"मला नाही बघता येणार. डॉक्टरांनी मनाई केलीय."

ट्वायला म्हणाली, की ती मनाई करणारा डॉक्टर शुद्धीवर होता की नाही, यावरच आता वाद घालता येईल. प्रूट यांनी खरंच विचार केला. मग म्हणाले, "तो बरोबर होता. तू ती ओळ सोमवारी लिहायला हवी होतीस."

"हो," ट्वायला म्हणाली.

टेबलावर उरलेल्या सात फायली सहीविना तशाच राहिल्या. शेजारीण त्यांना न्यायला बाराला येणार होती, म्हणून प्रूट बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. तिथे नऊ पेशंट वाट पाहत होते. त्यांना काय सांगायचं, हे ट्वायला दारात उभी राहून जुळवत होती; नादीन फोनच्या यादीत बारावा डॉक्टर शोधत होती.

पायाची जखम बांधून घ्यायला आलेल्या ओपल रस्कने जागा करून दिली आणि विचारलं, आत काय म्हणाले.

"चार आठवड्यांनी यायला सांगितलंय," प्रूट म्हणाले. "दवाखाना उघडा असला तर."