पूजेतला कॉम्प्युटर

खंडेनवमीच्या दुपारी शेजारच्या यशोदाकाकूंनी मला हाक मारली. त्यांच्या उर्वीचा चार वाजता ऑनलाइन इंटरव्ह्यू होता आणि कॉम्प्युटर काही केल्या चालू होत नव्हता.

"सकाळी पूजा केलीये त्याची," काकू पुटपुटल्या. "पूजेतलं यंत्र उद्यापर्यंत चालवायचं नसतं, हेरंब."

"आई, प्लीज!" उर्वी रडकुंडीला आली होती.

मी कॅबिनेटचे स्क्रू काढले. आतल्या पंख्याच्या मधोमध कुंकवाचा ओला टिळा होता. काकूंनी तर कुंकू बाहेरून लावलं होतं. असेल काहीतरी, म्हणून मी तो फडक्याने पुसला, झाकण लावलं आणि बटण दाबलं. काहीच झालं नाही.

पुन्हा उघडलं. टिळा तिथेच होता. तसाच ओला.

"कोणी हात लावला का याला?"

"तूच तर बसलायस समोर," उर्वी म्हणाली.

चारला पाच मिनिटं उरली होती. आता मला राग आला. मी टिळा खसाखसा पुसला आणि झाकण न लावताच बटण दाबलं.

पंखा फिरला. स्क्रीन उजळली. पंख्यावर साधा डागसुद्धा नव्हता.

"थँक यू, हेरंबदादा!" उर्वी हसत वळली आणि तिचं हसू विरलं. "तुला टिळा कोणी लावला?"

काकूंनी माझ्याकडे बघून हात जोडले.

मी कपाळ पुसायला गेलो. हात जागचा हलला नाही.