लोसाच्या दारातला राजा

गावप्रमुख सेउमालोच्या पोरानं दारूच्या नशेत लोसा नावाच्या बाईच्या एकुलत्या एका पोराला ठार मारलं. आमच्या सामोआत अशा वेळी मारणाऱ्याच्या घरचा कर्ता पहाटे मयताच्या दारात येतो आणि मानाची चटई डोक्यावरून पांघरून खाली मान घालून बसतो. घरच्यांनी चटई उचलली की माफी मिळाली.

पण सेउमालो कसला बसतोय! चर्चमध्ये प्रार्थनेलासुद्धा ज्याचे गुडघे कधी वाकले नाहीत, तो हिच्या दारात बसणार? त्यानं पुतण्यांच्या खांद्यावरून चर्चमधला विजयी ख्रिस्तराजाची मूर्तीच पाठवून दिली. डोक्यावर सोनेरी मुकुट, पायाखाली साप, आणि वरून चटई.

"मावशी, आमचे काका म्हणाले, गावात ह्याच्याहून मोठं कोण आहे? ह्यालाच आणलाय, आता मिटवून टाका."

लोसा बाहेर आली. तिनं चटई उचलली. पुतण्यांचा जीव भांड्यात पडला.

"ये रे बाबा आत," ती मूर्तीला म्हणाली. "दुसऱ्याचं पाप डोक्यावर घ्यायची तुझी खोड काही जात नाही."

मग तिनं चटई पुतण्याच्या अंगावर फेकली. "ही तुझ्या काकाला नेऊन दे. त्याचं बसायचं अजून राहिलंय."

राजा तिच्याकडेच राहिला. रविवारी ख्रिस्तराजाच्या सणाला सेउमालो चर्चमध्ये रिकाम्या चौथऱ्यासमोर छाती काढून उभा होता, एकटाच. सगळं गाव लोसाच्या अंगणात गुडघ्यांवर होतं.