आठशे एमबीचं गाव

नवव्या स्लाइडवर पडदा पुन्हा गोठला. मधोमध ते निळं चक्र गरगरत राहिलं. विहारात बसलेल्या दीडशे माणसांनी तिसऱ्यांदा सुस्कारा टाकला.

संघदीपला घाम फुटला होता. वणीत त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. मैत्रेयी मॅडमचा फोन आला तेव्हा तो जेवत होता. तसाच हात धुऊन मोटरसायकलवर निघाला. मॅडम कॉलेजात इतिहास शिकवायच्या. कोळशाच्या खाणीत गेलेल्या पिंपळझरीची माहिती त्यांनी दोन वर्षं गोळा केली होती, आणि आज ती पिंपळझरीच्याच माणसांपुढे मांडायची होती. गाव उठून चाळीस वर्षं झाली होती. माणसं या नव्या वस्तीत आली आणि गावाच्या जागी एवढा खोल खड्डा झाला, की काठावरून पाहिलं तर तळातले ट्रक मुंगळ्यांएवढे दिसत.

"आज नाही जमलं तर पुढच्या वर्षी घेऊ," कुणीतरी मागून म्हणालं.

मॅडमनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. तिथे सारे ऐंशीच्या पुढचे. "पुढच्या वर्षी यातले किती राहतीन, भाऊ?" त्या हळूच संघदीपला म्हणाल्या.

त्यानं ग्राफिक्सची सेटिंग बंद करून पाहिली. फाइल दुसऱ्या नावानं साठवली. लॅपटॉप बंद करून चालू केला. मग एकेक स्लाइड काढून चालवून पाहिली आणि चोर सापडला.

"मॅडम, सारा रोग या एका फोटोत हाय. एकटा आठशे एमबीचा! याले लहान करून टाकतो, मंग सरसर चालते."

"करा," मॅडम म्हणाल्या. "त्रेसष्ट साली जमीन मोजाले आलेल्या एका साहेबानं टेकडीवरून काढला होता. हाताएवढी निगेटिव्ह होती. मी सगळ्यात मोठा स्कॅन मागितला, अन् माह्या लॅपटॉपवर तो कधी धड उघडलाच नाही."

संघदीपनं फोटो वेगळा उघडला. मिनिटभर काहीच झालं नाही. मग पडद्यावर टेकडीखालचं गाव आलं. करडे ठिपके, एक पांढरी वाट. लहान करण्याआधी आत काय काय आहे ते पाहायला त्यानं माउसचं चाक फिरवलं. ठिपक्यांची छपरं झाली. आणखी फिरवलं. छपरांवरची कवेलू सुटी सुटी दिसू लागली. एका छपरावर दोडक्याचा वेल होता. वेलाला फूल होतं.

"थांब!"

पहिल्या रांगेतले उकंडा आबाजी काठी टेकत उभे राहिले होते. वय पंच्याऐंशी. प्रोजेक्टर चालूच आहे आणि आपण जे पाहतोय ते सारं विहार पाहतंय, हे संघदीपच्या तेव्हा ध्यानात आलं.

"थे माहं घर होय," आबाजी म्हणाले. "थो वेल माह्या मायनं लावलता."

संघदीपनं फोटो लहान करायची खिडकी बंद केली. दोन बोटांनी, दुखऱ्या जागेवरून हात फिरवावा तसा, तो फोटो सरकवू लागला. लोक बोलू लागले. हा चावडीचा ओटा. हे किसनरावचं खळं. ही चिंच, हिच्यावरून पडून माहा हात मोडलता. म्हातारे उठून पडद्यापाशी गेले. पोरांनी मोबाइल खिशात घातले. मॅडमच्या हातातले कागद खाली पडले होते आणि त्यांना त्याचं भान नव्हतं. दोन वर्षं ज्या गावाविषयी त्या लिहीत होत्या, ते गाव पडद्यावर श्वास घेत होतं.

विहीर आली. काठावर चार बाया होत्या. तिघी पाठमोऱ्या. चौथी मात्र टेकडीकडे, थेट कॅमेऱ्याकडे पाहत होती. डोईवर हंडा, कडेवर लेकरू, आणि ओठांवर हसू फुटता फुटता राहिलेलं. संघदीपनं चाक फिरवलं. ती कडेवरच्या लेकरासकट पडदाभर झाली आणि तरीही चेहरा पुसट झाला नाही.

"अरे, हे तर गिरजा," आबाजी पुटपुटले. मग वळून त्यांनी मोठ्यानं हाक मारली, "इंदू! इकडं ये. तुही माय पाह्य."

इंदूबाई बायांच्या घोळक्यातून उठल्या. त्या वर्षाच्याही नव्हत्या तेव्हा माय साथीत गेली. घरात फोटो नव्हता. बापाला विचारलं की तो एवढंच म्हणे, चांगली होती. लोक म्हणत, तू मायवर गेलीस. साठ वर्षं त्या आरशात स्वतःलाच पाहून मायचा अंदाज करीत आल्या होत्या.

त्या पडद्याजवळ गेल्या. त्यांची सावली मायच्या तोंडावर पडली, तशा झटकन बाजूला झाल्या. बराच वेळ नुसत्या पाहत राहिल्या.

"केवढीशी हाय व हे," त्या शेवटी म्हणाल्या. "माह्या नातीएवढी."

इंदूबाईंनी हात उचलला आणि पडद्यावरच्या त्या लेकराच्या गालाला बोट लावलं.

"अन् आबाजी, हे कडेवर कोणाचं पोट्टं घेतलं तिनं?"

उकंडा आबाजी काठी टेकत त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"तिले लेकरू एकच झालं, बाई."