रिकामी चिमूट

भालचंद्रराव गेल्यापासून त्यांचा कुत्रा ठोंब्या जेवत नव्हता, झोपत नव्हता, नुसता घरभर फिरत होता. कुत्र्यांना मालिश करणारी केतकी शेवटी यंत्राचा हात घेऊन आली. भालचंद्ररावांच्या स्मार्ट घड्याळाने टिपलेली त्यांच्या हाताची प्रत्येक हालचाल तिने त्यात भरली होती.

हात मानेवरून पाठीकडे गेला तसा ठोंब्या विसावला. मग हात मध्येच वर उचलला गेला, थबकला आणि चिमूट करून त्याच्या तोंडाशी आला. ठोंब्याने चिमूट हुंगली आणि पुन्हा येरझाऱ्या सुरू केल्या.

“दरवेळी इथेच बिघडतं, ताई. एवढा तुकडा काढून टाकू?” केतकीने विचारलं.

“थांब,” भालचंद्ररावांच्या पत्नी मालिनीताई म्हणाल्या. “तो हात ह्यांच्या खिशाकडे जातोय. डॉक्टरांनी खारी बंद केली होती, तरी डबा रिकामा व्हायचा. मी नाही खाल्ली म्हणून शपथ घ्यायचे. वर्षभर भांडले गं मी.”

त्यांनी डब्यातली खारी आणून यंत्राच्या चिमटीत दिली. ठोंब्याने ती कुरुमकुरुम खाल्ली आणि त्या हाताखालीच अंग टाकलं.

“चोर तू, आणि बोलणी ह्यांना,” मालिनीताई त्याला म्हणाल्या आणि यंत्राच्या बोटांना लागलेला चुरा पदराने पुसत राहिल्या.